उजव्या गुडघ्याचे एकेचाळीस मिलिमीटर

तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा मोजले, तेव्हाही आकडा तोच आला. एकेचाळीस मिलिमीटर.

चांदणी नावाची शेळी बारा कॅमेऱ्यांसमोरून आठ पावले चालत होती. दर वेळी तिचा पुढचा उजवा गुडघा सरळ पुढे येण्याऐवजी आधी बाहेर फुगत होता आणि मग आत येत होता. डावा गुडघा मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ येत होता. मी कॅमेऱ्यांचे खांब ओळंबा लावून तपासले. केबली बदलल्या. सगळी यंत्रणा पुसून पुन्हा पहिल्यापासून जुळवली. फुगवटा हलला नाही. शेवटी मी शेळीच्या मालकीण शमीमबी यांना जरा तुसडेपणानेच म्हणालो, की तुमची शेळी मापात बसत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

ते वाक्य माझे होते आणि चुकीचे होते. या हकिगतीत मी पुढे इतरांवर रागावणार आहे. म्हणून माझी चूक आधी नोंदवून ठेवतो.

मी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये यांत्रिक आरेखनाचा निदेशक होतो. म्हणजे यंत्राच्या भागांची मापे घेऊन त्यांची चित्रे काढायला मुलांना शिकवत असे. निवृत्तीनंतर मी एक थ्रीडी स्कॅनर घेतला. साखर कारखान्यातल्या एखाद्या चाकाचा जुना, कुठेच न मिळणारा दाता तुटला, की तो माझ्याकडे येतो. मी तो मोजतो आणि संगणकावर त्याची प्रतिकृती तयार करतो. माणसे मला अजून सर म्हणतात. काम आवडीचे आहे, कारण लोखंड आपली मापे लपवत नाही.

पुण्याच्या एका डिझाइन कंपनीने मला शोधून काढले, ते या मोजमापामुळे. भूमजवळ शेळीपालकांची एक सहकारी संस्था आहे. तिच्या आवारात उस्मानाबादी शेळीचे शिल्प उभारायचे होते. कंपनीचे तरुण संचालक ऋत्विक यांची कल्पना वेगळी होती. त्यांना शेळीचा पुतळा नको होता. त्यांना शेळीची हालचाल हवी होती.

हे समजायला एक सोपे उदाहरण देतो. अंधारात पेटती उदबत्ती धरून हात फिरवला, की ठिणगीची एक रेषा दिसते. ती रेषा क्षणात पुसली जाते. ती पुसली न जाता हवेतच गोठली, तर जो आकार उरेल, ते आमचे शिल्प. शेळीच्या खुरांवर, गुडघ्यांवर, खांद्यांवर, शिंगांच्या मुळाशी आणि माकडहाडावर चकाकते गोळे चिकटवायचे. त्यांना मार्कर म्हणतात. भोवतालचे कॅमेरे सेकंदाला दोनशे चित्रे घेतात आणि प्रत्येक गोळा त्या त्या क्षणी नेमका कुठे होता, ते संगणक सांगतो. त्या बिंदूंमधून एक वळणदार रेषा निघते. रेषांच्या पट्ट्या होतात. पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी प्रिंट करायच्या, त्यांचे साचे घ्यायचे आणि पितळेत ओतायचे. आठ पावले चालून जाणारी, मग मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओढणारी शेळी. सुमारे बारा फूट लांबीची, आणि शेळी मात्र त्यात कुठेच नाही. फक्त तिचे चालणे.

मला ही कल्पना मनापासून आवडली. हे लपवत नाही.

करारात एक अट होती. शिल्पाखाली पाटी लागणार होती, की ही हालचाल एका जिवंत उस्मानाबादी शेळीच्या प्रत्यक्ष मोजणीतून जशीच्या तशी घेतली आहे. त्याखाली मोजणाऱ्याचे नाव. आणि संस्थेच्या दप्तरी मोजणाऱ्याचे सही केलेले प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र मी द्यायचे होते.

शेळी ऋत्विक यांनीच निवडली. संस्थेच्या आवारात सभासदांच्या पन्नासेक शेळ्या आणल्या होत्या. त्यांतली चांदणी मागच्या पायांवर सर्वांत जास्त वेळ उभी राहिली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, लोंबते कान. संस्थेच्या चेअरमनना सगळे तात्या म्हणतात. ते खुर्चीतूनच म्हणाले, "घ्या कुठलीबी. शेळीला काय, सगळ्या येकच."

पहिला दिवस मार्करमध्ये गेला. मार्कर बोराएवढा असतो, गोल असतो आणि चकाकतो. शेळीला बोर फार प्रिय, हे मला ठाऊक होते. दोन्ही गोष्टी मी एकत्र केल्या नाहीत. चांदणीला सोबत म्हणून आणलेल्या दुसऱ्या शेळीने दुपारपर्यंत चार मार्कर खाल्ले. मी फोनवर ऋत्विक यांना कळवले, तेव्हा त्यांनी विचारले की शेळीला काही होणार तर नाही ना, आणि मार्कर परत मिळतील का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर शमीमबींनी एकाच वाक्यात दिले, ते इथे लिहिता येत नाही.

तोडगाही त्यांनीच काढला. मार्करच्या भोवतीच्या केसांवर त्यांनी लेंड्या कालवलेले पाणी चोपडले. शेळी चोखंदळ असते. आपल्या लेंड्यांचा वास आला, की ती तोंड लावत नाही. त्यानंतर एकही मार्कर गेला नाही. दुसरी अडचण अशी, की एकटी शेळी चालत नाही. ती उभी राहून ओरडते. सोबतीणीला वाटेच्या टोकाला तट्ट्याआड ठेवले, तेव्हा चांदणी तिच्या ओढीने चालायला लागली. बत्तीस वेळा चालली. बत्तीस वेळा गुडघा फुगला.

आता त्या तिसऱ्या दिवसाकडे येतो. यंत्र चुकत आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. चूक कॅमेऱ्याची असेल, तर ती खोलीच्या एका बाजूला चिकटून राहते. म्हणून शेळीला उलट्या दिशेने चालवायचे. उजव्या बाजूचे कॅमेरे चुकत असतील, तर या वेळी फुगवटा डाव्या गुडघ्यात दिसेल. ही कसोटी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. मी खांब आणि केबली तपासण्यात दोन दिवस घालवले. चांदणी उलट दिशेने चालली. फुगवटा तिच्या उजव्याच गुडघ्यात राहिला.

म्हणजे यंत्र बरोबर होते. शेळी खरेच तशी चालत होती.

मी शमीमबींना विचारले, की हिचा पाय कधी मोडला होता का.

त्या म्हणाल्या, "पाय न्हाय मोडला सर. लोढणं हाय तिच्या गळ्यात."

मी चांदणीच्या गळ्याकडे पाहिले. गळा मोकळा होता.

"आता न्हाय. म्या सोडून लई दिस झालं. पन तिला वाटतंय, हाय."

लोढणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भटक्या, दुसऱ्याच्या शेतात घुसणाऱ्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका दोरीने बांधतात. तो पुढच्या पायांसमोर लोंबतो. जनावर पळायला लागले, की तो नडग्यांवर आपटतो, म्हणून ते पळत नाही. मोठ्या, माजलेल्या गुराला बांधतात. करडाला कोणी बांधत नाही.

चांदणी पाच महिन्यांची असताना एका तुरीच्या शेतात शिरली होती. शेतमालकाने तिला पकडले आणि शमीमबींना बोलावून घेतले. दोन गोष्टी पुढे ठेवल्या. सगळ्या शेळ्या कोंडवाड्यात जातील, नाहीतर हिच्या गळ्यात लोढणे बांधायचे. ओंडका त्याने स्वतः तोडून दिला. बाभळीचा, ओला, मनगटापेक्षा जाड. दोरी खाली सरकू नये म्हणून कानांच्या मागेच आवळायला लावली. गाठ उजवीकडे आली, म्हणून ओंडका उजव्या गुडघ्यासमोर लोंबत राहिला. दोन पावसाळे आणि मधला हिवाळा ती तशी वाढली.

मी विचारले, शेत कोणाचे होते.

शमीमबींनी नाव घेतले नाही. त्यांनी फक्त हनुवटी वळवली. मोजणी आवारातच चालली होती. समोर संस्थेचे कार्यालय होते आणि खिडकीत तात्या फोनवर बोलत बसले होते.

"काढायला बी त्यांनीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "चेअरमन झाल्यावर. शेळ्यांचं फोटू काढायला सायेब लोक येनार हुते. म्हनले, शमीम, ते लाकूड बरं दिसत न्हाय."

याच्या पुढची गोष्ट ऐकून मी पेन खाली ठेवला. लोढणे निघाले आणि त्याच वर्षी संस्थेने पैदास नोंदवही सुरू केली. या वहीत प्रत्येक चांगल्या शेळीची नोंद असते. जिची नोंद चांगली, तिच्या पाठी, म्हणजे तरण्या माद्या, संस्थेच्या दाखल्यासह पैदाशीसाठी विकल्या जातात. दाखला नसला, तर गिऱ्हाईक एकच उरते, खाटीक. चांदणीच्या नावापुढे तात्यांनी सांगितले आणि लिपिकाने लिहिले: पुढील उजव्या पायात जन्मजात दोष, पैदाशीस अयोग्य.

जन्मजात. हा शब्द मी वहीत स्वतः वाचला.

शमीमबींकडे चांदणीच्या तीन पाठी होत्या. तिन्ही सरळ चालत होत्या. मी त्यांनाही कॅमेऱ्यांसमोरून नेले. पण आईच्या नावावर जन्मजात दोष असल्यामुळे त्यांना दाखला मिळत नव्हता. थोरलीसाठी खाटकाचा निरोप येऊन गेला होता. शमीमबींना शिल्पाचे काहीच पडलेले नव्हते. त्यांनी शेळी दिली होती ती या आशेने, की एवढी यंत्रे तिच्या पायाकडे बघणार आहेत, तर कोणीतरी काहीतरी बोलेल.

आणि मी बोललो होतो, की तुमची शेळी मापात बसत नाही.

त्या दुपारी मी बत्तीसही चालींची आकडेवारी पुन्हा उघडली. या वेळी गुडघ्याच्या फुगवट्याशेजारी चांदणीच्या डोक्याची उंची मांडली. डोके खांद्याच्या पातळीला असते, तेव्हा कानामागे बांधलेला ओंडका गुडघ्यासमोर लोंबेल. डोके वर गेले, की ओंडका गुडघ्याच्या वर उचलला जाईल आणि वाट मोकळी होईल. आता आकडे पाहा. डोके खांद्याच्या पातळीला असताना फुगवटा एकेचाळीस मिलिमीटर. डोके वीतभर वर गेले, की वीस. पाला दिसून मान ताठ झाली, की दोन, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. हाडात जन्मतः दोष असता, तर डोके कुठेही असले तरी पाय वाकडाच पडला असता. हाडाला डोक्याची उंची कळत नाही.

मी आयुष्यात पुष्कळ आलेख काढले. इतका स्पष्ट क्वचितच निघाला. शेळीच्या चालण्यात त्या ओंडक्याची लांबी, जाडी आणि गाठीची बाजूसुद्धा लिहिलेली होती. आमच्या शिल्पात ती पितळेत उतरणार होती.

मी ऋत्विक यांना फोन केला. त्यांनी माझे बोलणे मध्येच थांबवले.

"सर, तो मशीनचा नॉइज होता. मी काढलाय. डोन्ट वरी."

"काढलाय म्हणजे?"

"स्मूदिंग केलं. तरी उजवा पाय थोडा ऑफ वाटत होता, म्हणून डाव्या पायाचा डेटा मिरर केला. आता परफेक्ट सिमेट्री आहे. तुम्हाला रेंडर पाठवतो, बघाच तुम्ही."

स्मूदिंग म्हणजे खडबडीत आकडे शेजारच्या आकड्यांच्या सरासरीने गुळगुळीत करणे. थरथर काढायला ते उपयोगी असते, मीही वापरतो. पण वर्गातल्या एका मुलाची उंची बाकीच्यांपेक्षा वेगळी आली, म्हणून ती खोडून शेजारच्या मुलांची लिहिली, तर त्याला मोजणी म्हणत नाहीत. आणि इथे तर त्या मुलाचा पाय काढून दुसऱ्या पायाची छाया चिकटवली होती. मी त्यांना लोढण्याची सगळी हकीगत सांगितली. ते ऐकत होते, हे खरे. शेवटी म्हणाले, की खूप पॉवरफुल स्टोरी आहे, पण क्लायंटला सुंदर शेळी हवी आहे. तात्यांनी स्वतः फोन करून सांगितले होते, शेळी लंगडी दिसता कामा नये.

म्हणजे तात्यांना फुगवट्याचे कारण माझ्याआधी कळले होते. कंपनीने त्यांना कच्चे चित्र दाखवले होते आणि त्यांनी ते एका नजरेत ओळखले होते. ज्या माणसाला सगळ्या शेळ्या एकच दिसतात, त्याने ओळखले. मी तीन दिवस ओळंबे लावत बसलो होतो. त्या क्षणी मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी संस्थेच्या पशुवैद्य मॅडमना भेटलो. त्या नव्या होत्या, जुनी नोंद त्यांची नव्हती. आलेख त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, शेळी आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सगळे जमले. गुडघ्याचा फुगवटा बाजूने दिसत नाही, समोरून दिसतो. म्हणून मॅडम वाटेच्या टोकाला उकिडव्या बसल्या. शमीमबी बाभळीचा डहाळा घेऊन चांदणीच्या पुढे, जरा बाजूने, उलट्या पावलांनी चालू लागल्या. डहाळा उंच धरला, तेव्हा चांदणी मान ताठ करून सरळ चालत आली. डहाळा खांद्याइतका खाली केला, तेव्हा उजवा गुडघा बाहेर गेला. पुन्हा उंच, पुन्हा सरळ. नसलेल्या ओंडक्याला ती इतक्या काळजीने वळसा घालत होती, की बघणारे सभासद एकेक करून पुढे सरकले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लाकडानं झालंय हे. कुनी बांधलं हुतं एवढ्याशा जिवाला?"

उत्तर सगळ्यांना माहीत होते आणि ते आमच्यात खुर्ची टाकून बसले होते.

मॅडमनी तिथेच लिहून दिले, की दोष जन्मजात नाही, नोंद दुरुस्त करावी. पण नियमाप्रमाणे वहीतली दुरुस्ती चेअरमनच्या सहीने होते. तात्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि मला म्हणाले, आत या, चहा घेऊ.

आत आम्ही दोघेच होतो. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक पैदास नोंदवही, चांदणीच्या पानावर उघडलेली. दुसरे माझे प्रमाणपत्र, कंपनीकडून छापून आलेले. जशीच्या तशी, हे शब्द त्यात ठळक होते. सोबत गुळगुळीत केलेल्या शिल्पाचे चित्र जोडले होते.

"सर, तुमी शिकलेलं मानूस," तात्या म्हणाले. "मला सांगा, धा वर्सानं कोन इचारनार हाय शेळीचा गुडघा?"

"आज मी विचारतो आहे."

"इचारा की. म्या कुठं न्हाय म्हनतोय. चूक झाली आसंल, दुरुस्त करू." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "तुमी हितं सही करा. म्या हितं करतो. दोनी कामं आजच."

"या चित्रातला उजवा पाय चांदणीचा नाही."

"पाय हाय का न्हाय त्याला? मंग झालं."

मी म्हणालो, की नोंद दुरुस्त करणे हे तुमचे कामच आहे, त्यासाठी माझ्या सहीची गरज नाही.

"न्हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "मंडळाच्या बैठकीत ठेवतो. बैठक कवा व्हईल, ते मातूर सांगता येत न्हाय. सुगी चाललीय. तवर शमीमच्या पाठी काय थांबत्यात व्हय दारात बांधून?"

त्यांनी आवाज चढवला नाही. चहात साखर कमी आहे का, हे ज्या स्वरात विचारले, त्याच स्वरात हेही सांगितले. मला वाटते, यात काही गैर आहे असे त्यांना खरोखर वाटत नव्हते. ओंडका बांधतानाही वाटले नसेल.

मी बाहेर आलो आणि शमीमबींना जे झाले ते सगळे सांगितले. सही केली तर शिल्प खोटे होईल, हेही सांगितले. चांदणीच्या चालण्यात जे लिहिलेले आहे, ते पितळेतून पुसले जाईल. नाही केली तर मी वर तक्रार करीन, पण त्याला वेळ लागेल. माझे बोलणे लांबत गेले. वर्गात शिकवण्याची सवय सुटत नाही.

त्या चांदणीच्या अंगावरचे मार्कर उपटत होत्या. म्हणाल्या, "सर, पितळ कुठं मरतंय. माझ्या पाठी जित्या ऱ्हायल्या पायजेत."

"पण मग कोणालाच कळणार नाही."

"समद्यांस्नी कळलंय की. आत्ता बगितलं न्हाय का त्यांनी? तुमी काय, लिवलेलंच धरून बसता."

मी आत गेलो आणि सही केली.

तात्यांनी आपला शब्द पाळला. त्यांनी वही पुढे ओढली आणि स्वतःच्या हाताने लिहिले: वरील नोंद नजरचुकीने झाली आहे, रद्द समजावी. मी म्हणालो, कारणही लिहा, लोढण्यामुळे वळण लागले असे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, रकान्यात जागा न्हाय. रकान्यात तीन ओळींची जागा होती. मी मोजली.

शिल्प दोन महिन्यांनी उभे राहिले. पाहुणे आले, मांडव पडला, नारळ फुटला. पितळ उन्हात सुरेख दिसत होते. ऋत्विक यांची नजर चांगली आहे, हे मला नाकारता येत नाही. पट्ट्या जमिनीलगत लाटांसारख्या जातात आणि शेवटी एकदम वर उठतात. तात्यांनी भाषणात सांगितले, की बघा, आपल्या मातीतल्या शेळीचे पाऊल कसे सरळ पडते. टाळ्या वाजल्या. खाली पाटीवर माझे नाव होते. माझे जुने विद्यार्थी आले होते, त्यांनी पाटीजवळ उभे राहून माझ्यासोबत फोटो काढले. मी फोटोत हसलेलो आहे.

शमीमबी गर्दी ओसरल्यावर आल्या. त्यांनी शिल्पाला एक फेरी घातली. उजव्या बाजूला थांबल्या, वाकल्या, पुन्हा पुढे गेल्या. मग डाव्या बाजूला येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तिकडनं वळखू येत न्हाय सर," त्या म्हणाल्या. "कुनाची हाय कुनास ठाऊक. हिकडनं चांदनीच हाय." आणि डाव्या गुडघ्याच्या पितळी पट्टीवर त्यांनी थाप मारली, शेळीला मारतात तशी.

तिन्ही पाठींना दाखला मिळाला. दोन कळंबच्या एका शेळीपालकाने नेल्या, एक शमीमबींनी ठेवली. चांदणी अजून आहे. अजून उजवा गुडघा बाहेर टाकून चालते.

हे काम शिकू इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विचित्र आकडा आला, तर आधी जनावर राखणाऱ्या माणसाला विचारावे, यंत्राला नंतर. माझे तीन दिवस वाचले असते. आणि गुळगुळीत करण्याचे बटण दाबण्यापूर्वी त्या खडबडीतपणाची लाज नेमकी कोणाला वाटते आहे, याची चौकशी करावी.

राहिला प्रश्न सहीचा. मोजल्याशिवाय कशावरही सही करू नये, असे मी एकतीस वर्षे मुलांना शिकवले. मी मोजूनच केली.